गाफील क्षणाचे गणित

अंधाऱ्या भुयारातून पाच जण चालले आहेत. सर्वांत पुढे असलेल्याच्या हातात मशाल आहे. पुढच्या वळणापलीकडे आठ गॉब्लिन दबा धरून बसले आहेत. पण ही गोष्ट टेबलाभोवती बसलेल्या सहा जणांपैकी फक्त एकालाच ठाऊक आहे. बाकीचे पाच जण चहाचे घोट घेत आपापल्या पात्राविषयी बोलत आहेत. सहावा माणूस वहीत एक नजर टाकतो आणि विचारतो, ‘‘तुमच्यापैकी पुढे कोण आहे?’’ प्रश्न अगदी साधा. पण तो ऐकताच टेबलाभोवती एकदम शांतता पसरते. प्रश्न विचारला, याचाच अर्थ काहीतरी आहे, हे सर्वांना कळून चुकते. भुयारातील पात्रे अजून गाफील आहेत. ती पात्रे चालवणारी माणसे मात्र सावध झालेली आहेत.

‘रोल-प्लेइंग गेम’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या खेळातील एक जुनी अडचण या प्रसंगात सामावलेली आहे. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेऊन बसतो आणि एक जण साऱ्या जगाची, म्हणजे राक्षसांपासून सराईच्या मालकापर्यंत सर्वांची सूत्रे हलवतो. त्याला मूळ इंग्रजीत निरनिराळी नावे आहेत. आपण त्याला सूत्रधार म्हणू. लढाई सुरू झाली की नियमपुस्तक आणि फासे यांचा अंमल सुरू होतो. कोण कधी वार करणार, वार लागला की नाही, किती लागला, हे फासे ठरवतात. परंतु एक बाजू तयार आणि दुसरी बेसावध असेल तर काय करायचे? गनिमी कावा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तो कावा आकड्यांत कसा मांडायचा, हे मात्र गेल्या पन्नास वर्षांत कोणालाच एकदाचे ठरवता आलेले नाही. याच एका मुद्द्यावर नियम पुन:पुन्हा बदलले गेले.

पडद्याआडची फौज

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून रुजलेला राइसविट्झ यांचा ‘क्रीगस्पील’ हा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असे. खेळाडू आपले हुकूम पंचाला कळवीत आणि ज्या तुकड्या समोरच्याला प्रत्यक्ष दिसू शकतील, तेवढ्याच पंच नकाशावर मांडी. टेकडीमागची पलटण नकाशावर नसे; ती पंचाच्या डोक्यात असे. छाप्याचा प्रश्न त्या काळी अशा रीतीने जवळजवळ सुटलेलाच होता, कारण खेळाडू स्वत:च खरोखर गाफील असे. त्याचे गाफीलपण फाशांनी ठरवावे लागत नसे.

पुढे हौशी मंडळींनी हा खेळ दिवाणखान्यात आणला तेव्हा पंच बहुधा गायब झाला. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात शिशाचे सैनिक जमिनीवर मांडण्याचा खेळ आहे. मांडणी होईपर्यंत मध्ये पडदा धरण्याची सोय त्यात सांगितली आहे. पण पडदा एकदा दूर झाला की सारे सैन्य दोघांनाही दिसते. जे डोळ्यांना दिसते त्याने दचकायचे कसे?

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात पंच परत आला, सूत्रधाराच्या रूपाने. तरीही गाफीलपणासाठी लेखकांनी फाशाचाच आधार घेतला. नियम दोन ओळींत मावण्याजोगा होता. अचानक गाठ पडण्याची शक्यता असेल तेव्हा सहा बाजूंचा फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर ती बाजू गाफील सापडली. मग दोघांमधले अंतर १० ते ३० फूट धरायचे आणि सावध बाजूला एक फुकटची चाल द्यायची.

या ओबडधोबड नियमाचे गणित पाहण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे फासा टाकला तर नऊपैकी चार वेळा कोणीच गाफील नसते. नऊपैकी एकदा दोन्ही बाजू एकदमच दचकतात. उरलेल्या चार वेळांपैकी दोनदा आपण दचकतो आणि दोनदा समोरचे. म्हणजे खेळाडूंच्या वाट्याला एकतर्फी हल्ला साधारण २२ टक्के वेळा येतो. आठवड्याला चार-पाच चकमकी होणाऱ्या खेळात हे प्रमाण बरेच मोठे आहे. जुन्या खेळाडूंना दहा फुटांचा बांबू घेऊन प्रत्येक फरशी टोचत जाण्याची सवय का लागली, याचे एक कारण येथे सापडते.

हा फासा कोणाच्या वागण्याकडे पाहत नाही, हा त्याचा उघड दोष होय. दाराला कान लावून, जोडे काढून पुढे सरकणारी टोळी आणि गाणी म्हणत जाणारी टोळी, दोघींनाही तोच तिसरा हिस्सा. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या आवृत्तीत सूत्रधाराच्या विवेकाला थोडी जागा मिळाली. एका पक्षाला दुसऱ्याची चाहूल आधीच लागली असेल तर फासा टाकायचाच नाही, ही त्यातली समजूत साधी असली तरी मोलाची आहे. अंधारात मशाल घेऊन चालणाऱ्याने पलीकडच्याला दचकवण्याची आशा कशाला धरावी?

मिनिटाचे दहा तुकडे

दरम्यान, १९७७ ते १९७९ या काळात आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने हाच प्रश्न अतोनात गुंतागुंतीचा करून ठेवला. तेथे लढाईची एक फेरी एक मिनिटाची असे आणि तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा खंड. गाफील सापडलेल्या बाजूच्या फाशावर जितका आकडा पडेल तितके खंड ती बाजू हातावर हात ठेवून उभी राहणार आणि हल्लेखोरांना तेवढ्या खंडांत मोकळे रान मिळणार. चपळ पात्राला एखादा खंड माफ होई. जंगलात वाढलेला रेंजर सहापैकी एकदाच दचके; उलट एल्फ जातीचे पात्र चिलखताचा खडखडाट न करता पुढे गेले तर समोरच्याला सहापैकी चार वेळा दचकवी. काही प्राण्यांसाठी सहा बाजूंऐवजी वेगळ्याच फाशाची किंवा टक्केवारीची तरतूद होती. सहांपैकी चार वेळा दचकवणारा आणि सहांपैकी एकदाच दचकणारा समोरासमोर आले तर कोणते प्रमाण खरे धरायचे, यावर टेबलांवर तासन् तास वाद झाले. हा नियम छापील स्वरूपात तंतोतंत पाळणारे टेबल विरळाच असावे, असे मला वाटते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने दहा बाजूंचा एक फासा आणि १ ते ३ पडल्यास गाफील, असा सुटसुटीत मार्ग स्वीकारला, त्यामागे हाच कंटाळा असणार.

एक गोष्ट येथेच नोंदवायला हवी. ‘एक फेरी फुकट’ या शब्दांचा अर्थ खेळागणिक बदलतो. जुन्या खेळात फेरी एका मिनिटाची होती. २००० सालापासून ती सहा सेकंदांची झाली. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ मधील ‘गर्प्स’ या खेळात ती अवघ्या एका सेकंदाची आहे. त्यामुळे एका खेळातला नियम उचलून दुसऱ्यात घातला तर भलतेच होऊन बसते. ‘गर्प्स’मध्ये संपूर्ण बेसावध सापडलेला माणूस सहा बाजूंच्या फाशावर पडेल तितके सेकंद जागच्या जागी थिजतो आणि नंतरही भानावर येण्यासाठी त्याला दर सेकंदाला बुद्धीची कसोटी द्यावी लागते. वाचताना हे भयंकर वाटते. पण अचानक गोळीबार सुरू झाला तर तीन-चार सेकंद माणूस नुसता पाहत राहतो, हे काही अवास्तव नव्हे. ज्याला असे थिजणे नको असेल त्याने ‘कॉम्बॅट रिफ्लेक्सेस’ हा गुण १५ गुणांक मोजून विकत घ्यावा. लढवय्या पात्रांपैकी बहुतेक तो घेतातच.

दोन वार लागोपाठ

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने विचाराची दिशाच बदलली. गाफीलपण आता केवळ दैवाधीन राहिले नाही. लपणाऱ्याचे कौशल्य आणि पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचे कौशल्य यांची वीस बाजूंच्या फाशावर झुंज लावायची. जो हरला तो गाफील. त्यानंतर नेहमीच्या फेऱ्या सुरू होण्याआधी एक खास ‘सरप्राइज राउंड’ होई. तीत फक्त सावध असलेल्यांना एकच मर्यादित कृती करता येई. मग उरलेल्यांचाही पुढाकाराचा फासा आणि मग नियमित लढाई.

हे सर्व न्याय्य वाटते. मेख पुढे आहे. ज्याची पाळी अजून आलेली नाही अशा पात्राला चपळाईने वार चुकवता येत नाही, असा दुसरा एक नियम होता. चोर-मारेकरी पद्धतीच्या पात्रांना अशा लक्ष्यावर वार करताना जादा फासे मिळत आणि पातळी वाढेल तसे ते वाढत. म्हणजे हल्लेखोराने आधी फुकटच्या फेरीत वार करायचा आणि पुढाकाराचा फासाही जिंकला तर समोरचा हलायच्या आत दुसरा वार करायचा. दोन्ही वार बेसावध माणसावर.

हे कागदावरचे गणित प्रत्यक्षात कसे उतरते याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांनुसार एका टोळीचा सूत्रधार होतो. दर रविवारी दुपारी खेळ चाले. एका मित्राचे जादूगाराचे पात्र चौदा महिने चालले होते. त्याने त्या पात्राची वंशावळ लिहिली होती, त्याच्या बहिणीच्या लग्नाचे कर्जही वहीत मांडलेले होते. नदीच्या उतारावर मी आठ तिरंदाज दडवले. जादूगार हाच मोठा धोका, तेव्हा हुशार शत्रू त्यालाच टिपणार, असा माझा हिशेब. निम्मे बाण लागणार आणि प्रत्येक बाणामागे सरासरी साडेचार हिट पॉइंट जाणार, असे धरले तर पहिल्या झटक्यात चार बाणांचे अठरा होतात. त्याच्याजवळ एकवीस होते. तिरंदाजांनी पुढाकारही जिंकला. दुसऱ्या आठ बाणांपैकी तिसऱ्यालाच सारे संपले. मित्राने तोवर फाशाला हातही लावलेला नव्हता. त्याने फासे शांतपणे डबीत भरले आणि म्हणाला, ‘‘अरे, यात मी कुठे होतो?’’

नियमांप्रमाणे सर्व काही बरोबर होते. मी पुस्तक उघडून तसे दाखवलेही, आणि ते दाखवायला नको होते. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

तो आला नाही म्हणून नव्हे, तर त्याचा प्रश्न बिनतोड होता म्हणून मी पुढे हा विषय जरा नेटाने वाचला. छाप्याच्या नियमात दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात. छापा यशस्वी झाला तर त्याने शत्रूचे खरोखर नुकसान व्हावे, नाहीतर लपण्याचे कष्ट कोण घेईल? परंतु खेळाडू टेबलावर निर्णय घेण्यासाठी येतो आणि छापा म्हणजे नेमका तोच अधिकार काढून घेणे. खेळाडूंनी राक्षसांवर घातलेला छापा सर्वांना आवडतो, कारण सूत्रधाराजवळ राक्षसांचा तोटा नसतो. उलट दिशेने तोच नियम लावला की एका माणसाचे वर्षभराचे काम बुडते.

पंधरा टक्क्यांचा दबा

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने फुकटची फेरी ठेवली; पण त्या आवृत्तीत पात्रांचे हिट पॉइंट सुरुवातीपासूनच भरपूर असल्याने तिची धार बोथट झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मात्र ती फेरीच रद्द केली. त्याऐवजी ‘गाफील’ ही पात्राची अवस्था मानली गेली. पुढाकाराचे फासे सर्वांनी आधीच टाकायचे. जो गाफील आहे त्याला पहिल्या पाळीला हलता येत नाही, काही करता येत नाही आणि ती पाळी संपेपर्यंत तातडीची प्रतिक्रियाही देता येत नाही. पाळी संपली की तो मोकळा. कित्येक टेबलांवर पुस्तकात नसलेली ‘सरप्राइज राउंड’ पुढील दहा वर्षे सवयीने चालूच राहिली, हा भाग वेगळा.

या व्यवस्थेत एक विचित्र फट होती. गाफील माणसाचा पुढाकाराचा आकडा मारेकऱ्यापेक्षा वरचा आला, तर त्याची रिकामी पाळी आधीच सरून जाई. मग मारेकरी अंधारातून झेप घेई तेव्हा नियमाच्या दृष्टीने समोरचा गाफील उरलेलाच नसे. ‘असॅसिन’ या उपवर्गाचे सारे वैभव गाफील माणसावर लागलेला वार आपोआप दुप्पट फाशांचा होण्यावर उभे होते. ते केवळ एका फाशामुळे मातीमोल होई आणि कारण विचारल्यास ‘त्याला मागून थंड वाऱ्याची झुळूक जाणवली’ असले काहीतरी सूत्रधाराला रचून सांगावे लागे.

दुसरी अडचण अधिक गंभीर. या आवृत्तीत लपणाऱ्या प्रत्येकाचा फासा समोरच्याच्या ‘पॅसिव्ह परसेप्शन’शी, म्हणजे न मागता सतत जागी असलेल्या सावधगिरीशी ताडून पाहायचा असतो. ती १० अधिक त्या पात्राचे कौशल्य अशी मोजतात. ज्याला एकही शत्रू जाणवला नाही तोच गाफील. म्हणजे पाच जण दबा धरून बसले असतील तर पाचही जण लपण्यात यशस्वी व्हायला हवेत. समजा, चौघांची यशाची शक्यता ८० टक्के आहे आणि पाचवा लोखंडी चिलखतातला सरदार असून त्याची ३० टक्के. गुणाकार केला की साधारण १२ टक्के उरतात. चिलखत नसलेले, प्रत्येकी ७० टक्के शक्यतेचे पाच जण घेतले तरी १७ टक्क्यांच्या वर जात नाही. दबा धरण्याचा बेत तासभर चर्चा करून आखायचा आणि त्याची फलश्रुती सहापैकी एकदा, हे टेबलावर फारसे टिकत नाही.

यावर पुस्तकातच एक पर्याय होता. तो या ठिकाणी लावायला लेखकांनी सांगितले नव्हते, एवढेच. गटाच्या एकत्रित कसोटीत निम्म्यांहून कमी नसलेले लोक यशस्वी झाले की सारा गट यशस्वी मानतात. वरच्याच पाच जणांना हा नियम लावला तर १२ टक्क्यांचे ८७ टक्के होतात. सरदाराचा खडखडाट इतरांनी झाकून घेतला, असा त्याचा अर्थ. अनुभवी सूत्रधारांपैकी अनेकांनी हा बदल घरच्या घरी करून घेतला होता. मीही करतो, मात्र चिलखतवाल्याला शंभर पावले मागे ठेवण्याची तयारी टोळीने दाखवली असेल तर त्याचा फासा मोजतच नाही. शहाणपणाला आकड्याची शिक्षा कशाला?

२०२४ मध्ये या आवृत्तीचे सुधारित नियम आले आणि गाफीलपण आणखी सौम्य झाले. आता गाफील पात्राची पाळी जात नाही. त्याने पुढाकाराचा फासा दोनदा टाकायचा आणि कमी आकडा घ्यायचा, एवढेच. वीस बाजूंच्या एका फाशाची सरासरी साडेदहा; दोनपैकी कमी आकड्याची सरासरी सव्वासातच्या किंचित खाली. कौशल्य समान असेल आणि दबा धरणाऱ्याने फासा एकदाच टाकला तर तो सुमारे ६४ टक्के वेळा पुढे राहतो, ५ टक्के वेळा बरोबरी होते आणि उरलेल्या ३१ टक्के वेळा गाफील माणूसच आधी वार करतो. या तिसऱ्या आकड्यावर बरीच टीका झाली. तिच्यात तथ्य आहे. ज्याला काहीच दिसले नाही त्याने आधी तलवार उपसावी, हे कथेच्या दृष्टीने हास्यास्पद वाटते. पण नदीच्या उतारावरचा माझा मित्र या नियमांखाली खेळत असता तर त्याला फासा टाकायला मिळाला असता, हेही तितकेच खरे. लेखकांनी वास्तव सोडले आणि खेळाडूला धरले. दोन्ही हातांत लाडू मिळणे येथे शक्य नाही.

इतर खेळांचे मार्ग

या एकाच खेळाच्या आवृत्त्यांत अडकून पडले की दुसरीकडे झालेले चांगले विचार नजरेआड होतात. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळातील व्यापाऱ्यांचा आणि निवृत्त सैनिकांचा खेळ १९७७ चा. त्यात दोन्ही बाजूंनी एकेक फासा टाकायचा, लष्करी अनुभव, नेतृत्व यांसारख्या गोष्टींचे गुण त्यात मिळवायचे आणि फरक ३ किंवा अधिक पडला तर वरचढ बाजूने छापा साधला. गुण समान असतील तर कोणती तरी एक बाजू छापा साधण्याची शक्यता बरोबर एक तृतीयांश येते आणि दोन्ही बाजू एकदम दचकल्या, ही गमतीची परिस्थिती उद्भवतच नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, छापा साधलेल्या बाजूला लढाई टाळून निघून जाण्याचाही हक्क आहे. आपण त्यांना पाहिले, त्यांनी आपल्याला नाही. आता लढायचे की नाही? दचकवण्यातून मिळणारी खरी संपत्ती हा निर्णय आहे, जादा वार नव्हे, ही जाण मला या जुन्या पुस्तिकेत सर्वांत प्रथम दिसली.

२०१९ मधील ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळी युक्ती केली. लपत आलेल्याने पुढाकारासाठी लपण्याचेच कौशल्य वापरायचे. त्याच एका आकड्यावरून त्याची पाळी कधी, हेही ठरते आणि तो समोरच्याला दिसला की नाही, हेही. त्यामुळे एखाद्याची पाळी आधी आली तरी त्याला शत्रू दिसलेलाच नसतो. काहीतरी बिनसले आहे इतके जाणवते आणि तो ढाल सावरतो किंवा आडोसा शोधतो. तसेच कित्येक कसोट्यांचे फासे सूत्रधाराने पडद्याआड टाकावेत असे तेथे नियमातच सांगितले आहे. लेखाच्या आरंभी आलेल्या शांततेवर तो चांगला उतारा आहे.

‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भयकथांच्या खेळात छापा खाल्लेल्याला आधी चाहूल लागली का, हे पाहतात. नाही लागली तर त्याला वार चुकवता येत नाही. तेथे पात्रे मरतात, वेडी होतात आणि खेळाडूंनी ते आधीपासून मान्य केलेले असते. म्हणून तो नियम कोणाला खुपत नाही.

सर्वांत धाडसी मार्ग २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चा. जॉन हार्पर यांचा हा खेळ चोरांच्या टोळ्यांविषयी आहे. टोळी सापळ्यात सापडली की खेळाडू म्हणू शकतो : हे होणार हे मला ठाऊक होते, काल रात्रीच मी त्या पहारेकऱ्याला पैसे चारले आहेत. मग कथा क्षणभर मागे जाते. साधीशी तजवीज असेल तर फुकट, थोडी अवघड असेल तर ताणाचा एक गुण, फारच गुंतागुंतीची असेल तर दोन किंवा अधिक. पात्र हुशार आहे. खेळाडू थकून ऑफिसातून आलेला असू शकतो. पात्राची दूरदृष्टी खेळाडूच्या स्मरणशक्तीवर का अवलंबून ठेवायची, हा त्यामागचा विचार. जुन्या वळणाच्या खेळाडूंना ही लबाडी वाटते. मलाही आरंभी वाटली होती.

बोलता बोलता सुटलेला बाण

नियमपुस्तके लपलेल्या शत्रूविषयी भरभरून बोलतात. पण टेबलावर सर्वाधिक भांडणे होतात ती उघड्या शत्रूविषयी. सरदाराच्या दरबारात वाटाघाटी चालल्या आहेत, दोन्ही बाजूंचे हात तलवारीच्या मुठीजवळ आहेत आणि मध्येच एक खेळाडू म्हणतो, ‘‘पुरे झाले, मी बाण सोडतो.’’ त्याला वाटते, आपण आधी बोललो म्हणून आपला वार आधी. दुसरा लगेच म्हणतो, मग मीही. आता काय?

पाचव्या आवृत्तीच्या शब्दांत उत्तर सरळ आहे : शत्रू समोर दिसतो आहे, कोणीही गाफील नाही, सर्वांनी पुढाकाराचा फासा टाकावा. परंतु बाण सोडणाऱ्याचाच आकडा सर्वांत खाली आला तर? चार जणांच्या पाळ्या होऊन जातात आणि लढाई ज्याच्यामुळे सुरू झाली त्याने अजून बाण सोडलेलाच नसतो. हा विरोधाभास मिटवण्याचा उपाय म्हणजे घोषणा आणि कृती यांत अंतर मानणे. खेळाडूने इरादा सांगितला. पात्राचा हात धनुष्याकडे वळला. खांदा हलला आणि समोरच्याच्या अंगरक्षकाने तो हललेला पाहिला. पुढाकाराचा फासा त्या खांद्याविषयी आहे. एवढे समजावून सांगितले की बहुतेक खेळाडू तक्रार करत नाहीत. चेहऱ्यावर हसू ठेवून बगलेत सुरी बाळगणारा मुरब्बी माणूस असेल तर त्याच्या फसवण्याच्या कौशल्याची समोरच्याच्या पारखीशी झुंज लावावी आणि तो जिंकला तर त्या एका समोरच्यालाच गाफील मानावे, साऱ्या दरबाराला नव्हे.

राहता राहिला सूत्रधाराने खेळाडूंवर घालायचा छापा. त्याविषयी माझी सवय अशी झाली आहे. सावधगिरीचे सर्वांचे आकडे मी खेळ सुरू होण्याआधीच एका चिठ्ठीवर लिहून घेतो, म्हणजे ऐनवेळी विचारावे लागत नाही. अधूनमधून कारण नसतानाही पडद्याआड फासे टाकतो. चौथ्या-पाचव्या वेळी त्या आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. आणि छाप्याआधी एक तरी खूण कथेत ठेवतो. पाखरे अचानक गप्प झाली, उतारावर ताजी विष्ठा आहे पण घोडे कुठेच नाहीत, गुराख्याने डोळ्याला डोळा न देता वाट सांगितली. ‘डन्जन वर्ल्ड’ या २०१२ च्या खेळात तर येणाऱ्या संकटाची चिन्हे दाखवणे हे सूत्रधाराचे रीतसर कामच मानले आहे. खूण ओळखली तर खेळाडू सावध, फाशांची गरजच नाही. नाही ओळखली तर मग बाण कोणत्याही नियमाने येवोत, निदान ती आपली चूक होती, हे त्याला मागे वळून दिसते. खूण फार झाकून ठेवू नये. सूत्रधाराला जी ढळढळीत वाटते ती खेळाडूंपर्यंत निम्मीच पोचते.

पहिल्या फटक्यात कोणी मरेल इतके तिरंदाज एकाच लक्ष्यावर रोखू नयेत, हेही मी पाळतो. आठ बाण आठ दिशांनी गेले तर दहशत तेवढीच बसते. हा शत्रूचा मूर्खपणा झाला, असे कोणी म्हणेल. असेल, अंधारात, धावपळीत, कोण कोणावर नेम धरतो आहे हे तिरंदाजांना तरी कुठे ठाऊक असते?

माझा मित्र चौथ्या रविवारी परत आला. त्याने नवे पात्र आणले होते : एक वाटाड्या, सावधगिरीचा आकडा टोळीत सर्वांत मोठा. त्या दुपारी जंगलात शिरताना मी सांगितले की पाखरे गप्प आहेत. बाकीचे चौघे बोलतच राहिले. तो मात्र थांबला आणि म्हणाला, ‘‘मी झाडावर चढतो.’’